कोऱ्या पानांचं नाटक

ज्या नाटकाचं एक वाक्यसुद्धा अजून कोणी बोललेलं नाही त्या नाटकाच्या तीन प्रती आणून द्या, असं नाटकांना परवानगी देणाऱ्या कचेरीच्या खिडकीतल्या साहेबानं सांगितलं, तेव्हा सुभद्राबाई बाकड्यावर बसून तंबाखूला चुना लावत होत्या. त्यांचा अंगठा तळहातावरच थांबला. वलगावच्या मळ्यातली भाजी अमरावतीच्या बाजारात विकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकांचे नाना नमुने पाहून झाले होते. पण वांग्याचं रोप लावायच्या आधी भरिताची चव सांगा म्हणणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होता.

"सर, लिहिलेलं नाटक नसतेच आमचं," त्यांची नात खुशी तिसऱ्यांदा सांगत होती. "समोर बसलेले लोक शब्द देतात. त्याच्यावरून आम्ही तिथल्या तिथं गाणी रचतो अन् नाटक करतो. विनोदी असते."

"असू द्या ना विनोदी. माझी ना नाही. पण जे बोलणार ते लिहून आणा."

"पण काय बोलणार ते आम्हालेच माहीत नाही."

"मग माहीत झालं की आणा," साहेब म्हणाला, आणि त्यानं पुढच्या माणसाचा कागद ओढला.

सुभद्राबाई उठल्या. तंबाखू दाढेखाली गेली. डोक्यावरचा पदर नीट झाला. हा पदर नीट झाला की बाजारात शेजारच्या दुकानदारिणी आपापल्या पाट्या मागं सरकवून घेत.

"साहेब, लग्न झालं तुमचं?"

"झालं. काहून?"

"बायकोसंगं भांडत असान."

साहेबानं शिक्क्याची डबी उगाच उघडून बंद केली. म्हणजे भांडत होता.

"भांडाच्या आधी तीन प्रती काढता काय?"

मागची रांग हसली. साहेब हसला नाही, पण त्याचा आवाज उतरला. "आजी, मले नाटकाशी देणंघेणं नाही. फाईलमधी कागद पाहिजे. कागद आला की मी शिक्का मारतो."

सुभद्राबाई दोन वर्गच शिकलेल्या. सही मात्र अशी ठसठशीत करत की मोठमोठ्या लोकांनी शरमावं. पण माणसाच्या बोलण्यातून कामाचा दाणा उचलायला शाळा लागत नाही. त्यांनी विचारलं, "किती कागद?"

"आता नाटक म्हटलं की चाळीस पानं तरी."

अर्ध्या तासात समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून चाळीस चाळीस कोऱ्या पानांचे तीन गठ्ठे शिवून आले. प्रत्येक पानावर खुशीनं क्रमांक टाकला आणि पहिल्या पानावर सुभद्राबाईंनी सही केली. साहेबानं प्रत्येक पान थुंकी लावून उलटलं. दुसऱ्या प्रतीत सत्ताविसाव्या पानाला क्रमांकच नव्हता, म्हणून तो गठ्ठा परत आला आणि दुरुस्त होऊन पुन्हा गेला. मग त्यानं तिन्ही प्रतींच्या पानापानावर शिक्का मारला : 'आक्षेपार्ह मजकूर आढळला नाही.' खोटं कशाला बोला, खरंच नव्हता.

आता सुभद्राबाईंसारखी बाई या भानगडीत कशी, हे सांगितलं पाहिजे. अकोल्याला जठारपेठेत एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचा महोत्सव होता. ज्यांच्या कलेला मोठ्या नाट्यगृहात कोणी उभं करत नाही अशांसाठी. म्हणून त्याचं नाव बांधावरचा महोत्सव. नाव ऐकूनच सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, "बांधावर काय उगवते? तण उगवते, नाहीतर भांडण."

खुशीच्या कॉलेजमधल्या मंडळात चार पोरी होत्या. त्यातली एक परीक्षेला बसली, एकीच्या बापानं नाही म्हटलं, आणि एकीला आयत्या वेळी खोकला झाला. राहिली खुशी. तिनं मग घरातच हात मारला. थोरल्या नातवाची, शेखरची, बायको पौर्णिमा. तेल्हाऱ्याची. लग्नाला वर्ष झालं होतं आणि या वर्षात तिनं आजेसासूसमोर 'हो', 'नाही' आणि 'चहा घेता काय' याच्यापुढं शब्द उच्चारला नव्हता. हिला गाणी रचता येतात हे खुशीला कसं कळलं देव जाणे. म्हणे भाकरी थापताना ताल धरते. पेटीला कोण, तर गल्लीतल्या भजनी मंडळाचे केशवराव. ते फक्त काळी चारच्या पट्टीत वाजवत. गाणाऱ्याचा गळा पांढरीत असला तर गळ्यानं काळीत यावं, केशवराव कुठं जात नसत.

नातसून परगावी स्टेजवर जाणार म्हटल्यावर घरातून कोणीतरी मोठं माणूस बरोबर हवंच. मुलगा देवीदास म्हणाला, "मी जातो." सुभद्राबाई म्हणाल्या, "तू गेला तं मळ्याले पाणी कोण देईन?" तेव्हा ठरलं की त्या जातील. जातील, बसतील, आणि घेऊन येतील. बस.

पण जीभ आवरून नुसतं बसणं त्या म्हणत होत्या तेवढं सोपं नव्हतं. कारण ही पोरं जे करायला निघाली होती ते सुभद्राबाई जन्मभर करत आल्या होत्या. लग्नात वरपक्ष-वधूपक्षाच्या बाया समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकींची सालं काढतात, त्यात अमरावती ते अचलपूर त्यांचा हात धरणारी बाई नव्हती. समोरच्या विहिणीनं नाकात नथ उलटी घातलेली दिसली की इकडे कडवं तयार. लिहिलेलं काही नाही, ठरलेलं काही नाही. लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी सुभद्राबाईंना विचारत.

मग आलं शेखरचं लग्न. तेल्हाऱ्याला, व्याही वामनरावांच्या दारात. पंगतीच्या आधी सुभद्राबाई कानाशी हात नेऊन उभ्या राहिल्या, पहिला सूर लावला, आणि त्याच क्षणी वामनरावांनी आणलेल्या डीजेनं असा काही दणका दिला की मांडवातल्या पत्रावळी हलल्या. सूर गेला तो गेलाच. वर वामनराव मिशीवरून बोट फिरवत आले आणि म्हणाले, "विहीणबाई, गाण्याचं राहू द्या आता. जेवून घ्या."

जेवून घ्या! भुकेपोटी गात होत्या जणू. सुभद्राबाईंनी त्या मांडवात पाण्याचा घोट घेतला नाही, आणि निघताना सगळ्या बायांच्या देखत सांगितलं, "हा माणूस सुपारी घेऊन माह्या दारात येत नाही तोवर कोण्याच मांडवात सूर काढणार नाही." ते वर्ष असंच गेलं. दुसऱ्यांच्या लग्नात बोलावणी आली, त्या गेल्या, गप्प बसून जेवल्या. आता वामनरावांच्या धाकट्या पोराचं, श्यामचं, लग्न वैशाखात होतं. या लग्नात गाण्याचं बोलावणं आलं नाही तर सुभद्राबाईंचं नाक गेलं ते कायमचं, हे साऱ्या वलगावला ठाऊक होतं. सुभद्राबाई मात्र 'मले काय त्याचं' म्हणत होत्या. दिवसातून आठ वेळा.

तालमी ओसरीवर चालत. सुभद्राबाई पाठ करून बसत आणि कान तिकडे ठेवत. शेजारची गोदाबाई रोज येई. गोदाबाईचा सल्ला न मागता मिळे आणि संपता संपत नसे.

"सुभद्रा, वांग्यावरचं गाणं चांगलं करून राहिल्या पोरी," ती म्हणाली. "पण अकोल्याच्या लोकायनं वांगं म्हटलंच नाई तं? एखाद्यानं ट्रान्सफॉर्मर म्हटलं तं काय गासान?"

पोरी स्टेजवर तोंड वासून उभ्या आहेत आणि लोक हसताहेत असं चित्र सुभद्राबाईंना दिसलं. त्यात पौर्णिमानं फोन करून बापाला बोलावल्याचंही कानावर आलं होतं. म्हणजे वामनराव पुढच्या रांगेत बसून मिशीवरून बोट फिरवणार.

आता ज्यानं बाजारात माल विकला आहे त्याला अशा वेळी काय करायचं हे शिकवावं लागत नाही. हर्राशीत, म्हणजे लिलावात, आपला माल पडू नये म्हणून गर्दीत आपला एक माणूस उभा करतात. तो मधूनच बोली लावतो. बाकीच्यांना वाटतं मालाला मागणी आहे. याला बाजारात कोणी लबाडी म्हणत नाही. याला तयारी म्हणतात. सुभद्राबाईंनी गल्लीतल्या अकरा बाया तयार केल्या. शब्द विचारला की ओरडायचं : वांगं.

"साऱ्याच वांगं म्हणतीन तं लोकायले संशय येईन," गोदाबाई म्हणाली. हे मात्र खरं होतं. म्हणून प्रत्येकीला वेगळी भाजी दिली. एकीला वांगं, एकीला मेथी, एकीला सांबार म्हणजे कोथिंबीर, एकीला दोडकं. पोरींच्या तालमीत सगळ्या भाज्या घेऊन झाल्या होत्या, भाजीवाल्याच्या घरात दुसरं सुचणार काय? गोदाबाईला भेंडी मिळाली. शब्द विसरू नये म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत तीच भाजी ठेवली. आणि सुभद्राबाईंनी बजावलं, "काई झालं तरी आपला शब्द सोडाचा नाई."

खुशीला यातलं काही सांगितलं नाही. हर्राशीत मालाला कोणी सांगत असतं काय?

ठरल्या दिवशी पोरी आणि केशवराव एसटीनं पुढं गेले. बाया निघाल्या छोट्या हत्तीतून, म्हणजे ज्या चारचाकीतून रोज बाजारात भाजी जाते तिच्यातून. खाली गोणपाट, वर बाया, मध्ये भरिताचं भगुणं आणि कळण्याच्या भाकरींचा गठ्ठा, कारण परक्या गावात बारा माणसांनी जेवायचं कुठं? मूर्तिजापूरला टायर बसला. ड्रायव्हर जॅक शोधू लागला, बाया सावलीला उतरल्या, आणि पाच मिनिटांत भोवती गिऱ्हाइकं जमली. भाजीची गाडी, भाजीच्या पिशव्या, रस्त्याच्या कडेला बारा बाया. लोकांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

सुभद्राबाई टायरवाल्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. परत आल्या तर गोदाबाईची पिशवी रिकामी.

"भेंडी कुठी गेली?"

"इकली," गोदाबाई लाजून म्हणाली. "चांगली मागणी होती, माय. नाई म्हणवलं नाई."

"अवो, तो तुहा शब्द होता! शब्द इकला तुनं?"

"ध्यानात हाय माह्या," गोदाबाई म्हणाली.

मंगल कार्यालयात पोहोचेपर्यंत चार वाजले होते. खुशी-पौर्णिमाला तयार व्हायला जी खोली दिली होती तिच्या दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती. ती पाहून सुभद्राबाईंच्या लक्षात आलं की स्टेज असलं तरी हा मांडवच आहे, आणि आपली प्रतिज्ञा इथं लागू आहे. त्यांना बरंच वाटलं. गाण्याचा प्रश्नच मिटला.

त्यांच्या आधी स्टेजवर एक दाढीवाला माणूस होता. तो उलट्या बादलीवर वीस मिनिटं काही न बोलता बसला आणि नमस्कार करून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बायको माहेरी गेली असन त्याची," वांगंवाली म्हणाली. सुभद्राबाईंना माणूस आवडला. निदान कोणाला जेवून घ्या म्हणाला नाही.

पुढच्या रांगेत वामनराव होते. पांढरा सदरा, मिशी, मिशीवर बोट. त्यांनी मान वळवून राम राम घातला. सुभद्राबाईंनी पदर सारखा केला.

पडदा सरकला. खुशी आणि पौर्णिमा उभ्या, बाजूला केशवराव पेटीला हात लावून. सूत्रसंचालक गोपाल म्हणून होता, झब्बा घातलेला, फार गोड बोलणारा. त्यानं लोकांना समजावलं की आता जे होईल ते यापूर्वी कुठं झालेलं नाही. तुम्ही शब्द द्या, या दोघी नाटक करतील. "तर पहिल्यांदा सांगा, हे नाटक कोणत्या ठिकाणी घडतं?"

"वांगं!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

गोपाल हसला. "वांगं हे ठिकाण? बरं, वांग्याचं शेत धरू. आता मला एक नातं सांगा."

"मेथी!"

"काकू, नातं. आत्या, जावई, असं काहीतरी."

"मेथीच," मेथीवाली ठामपणे म्हणाली. शब्द सोडायचा नाही असं सांगितलेलं होतं.

"अन् सांबार!" दुसरी ओरडली. तिला वाटलं आपली पाळी चुकेल.

"दोडकं!"

ठिकाण विचारतील, नातं विचारतील, हे सुभद्राबाईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाजारात शब्द म्हणजे मालाचं नाव. त्यांनी डोळ्यांनी बायांना दटावून पाहिलं, पण अकरा बाया आता सुटल्या होत्या. लोक पोट धरून हसत होते. आणि या सगळ्या गोंधळात गोदाबाई उभी राहिली, सभागृहभर नजर फिरवली, सुभद्राबाईंना शोधलं आणि मोठ्यानं विचारलं,

"सुभद्रा, माहा शब्द कोणता होता वं?"

हसू एकदम थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सेटिंग आहे! सगळं ठरवून आले हे!"

"आम्ही काही ठरवलेलं नाही," खुशी स्टेजवरून म्हणाली. मग तिनं बाया ओळखल्या. एकेकीकडे पाहिलं. वांगंवाली, मेथीवाली, गोदाकाकू. शेवटी आजीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की सुभद्राबाईंना खालची खुर्ची टोचायला लागली.

वामनराव सावकाश मागं वळले. "विहीणबाई," ते म्हणाले, "आमच्या डीजेले नावं ठेवत होत्या. तुमीबी तं सारं भरूनच आणलं!"

हे मात्र लागलं. लागलं, कारण खरं होतं. जन्मभर ज्या बाईनं ऐनवेळी तोंडातून निघेल तेच गाणं मानलं, तिनं आज बारा कोस, नव्हे, पार मूर्तिजापूर ओलांडून बांधलेली बोली आणली होती. सुभद्राबाई उठल्या आणि तरातरा स्टेजवर चढल्या. चपला काढायला विसरल्या नाहीत.

"म्या सांगतलं बायायले," त्या लोकांना म्हणाल्या. "पोरीयले काई माहीत नाई. पोरी खऱ्या हायेत. लबाड असन तं मी हावो. काय म्हणाचं ते मले म्हणा."

एवढं रोकडं कबूल करणारा माणूस समोर आला की लोकांची पंचाईत होते.

गोपालनं पुन्हा गोड आवाज काढला. "आजी, मग असं करू. लोकांनी आता खरा शब्द द्यावा, आणि पहिलं कडवं तुम्ही म्हणा. फिट्टंफाट. द्या हो कोणीतरी शब्द!"

मघाचाच मागचा माणूस ओरडला, "विहीण!"

केशवरावांनी काळी चार धरली. खुशी खाली मान घालून उभी. सुभद्राबाई मधोमध उभ्या, पण हात कानाशी जाईना. एक तर प्रतिज्ञा. वचन मोडायचं तर ते वामनरावांच्याच डोळ्यांदेखत! आणि दुसरं म्हणजे हे गाणं असं एकट्यानं गात नसतात. ती कुस्ती आहे. समोर दुसऱ्या बाजूची बाई लागते, तिनं आधी खोडी काढावी लागते. नुसत्या हवेला शिव्या देता येतात काय? पेटी एकाच सुरावर रेंगाळत राहिली. वामनरावांचं बोट मिशीकडे निघालं.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी घसा साफ केला. पौर्णिमा होती. तिनं पदर खोचला, कानाशी हात नेला, आणि आजेसासूकडे पाहत तोंड उघडलं.

"वलगावची विहीण आली छोट्या हत्तीत बसून,
वांगी-भेंड्या भरून आणल्या माणसं म्हणून मोजून!"

सभागृह फुटलं. सुभद्राबाईंनी मान झटकन वळवली. ही? हो-नाहीच्या पुढं न गेलेली ही? पण पौर्णिमा थांबलीच नव्हती.

"साखरेच्या डब्याले कुलूप, किल्ली कमरेले खोचते,
नातसुनेनं चहा मांडला का भिंतीआडून चमचे मोजते!"

अकराच्या अकरा बाया खिदळल्या. गोदाबाई सगळ्यांत मोठ्यानं. सुभद्राबाईंचा हात नकळत कमरेला गेला. किल्ली होती. घरातली गोष्ट चव्हाट्यावर! आणि तीही चालीत, बरोबर ठेक्यात, मात्रा न चुकता! अंगातून एक गरम लाट वर आली. तिच्यात राग किती आणि दुसरं काय किती, हे निवडत बसायला वेळ नव्हता. पुढून वार आला होता. प्रतिज्ञा कुठल्या कुठं गेली. कानाशी हात गेला.

"तेल्हाऱ्याचे व्याही आमचे मिशीले देते पीळ,
मांडवात लावला डीजे, अन् भाजीत मीठ ना तीळ!"

वामनरावांचं बोट मिशीवरून खाली आलं.

"जेवून घ्या म्हणे विहीणबाई, गाणं नका गाऊ,
वरणात डाळ दिसेना बापा, पोहायले का जाऊ?"

आता लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. खुशीनं मान वर केली होती. तिनं विहिणीच्या मागून वांग्याच्या शेताची मालकीण होऊन प्रवेश केला, मेथी नावाची जाऊ झाली, दोडकं नावाचा दीर झाला, आणि बघता बघता बायांनी दिलेल्या सगळ्या भाज्यांचं एक अख्खं घराणं उभं राहिलं. लग्न लागलं, वरात निघाली. पौर्णिमा तेल्हाऱ्याच्या बाजूनं, सुभद्राबाई वलगावच्या, मध्ये खुशी दोन्हीकडून मार खाणारी. वामनरावांच्या दोन नंबरच्या चष्म्यापासून सुभद्राबाईंच्या तंबाखूच्या डबीपर्यंत काही सुटलं नाही.

मध्येच वामनराव उभे राहिले. "अहो, हे चाललं काय! ही जाहीर बदनामी हाय!"

केशवरावांनी उजव्या हाताचा सूर न सोडता डाव्या हातानं भाता थांबवला, पेटीवर ठेवलेला शिक्के मारलेल्या कोऱ्या पानांचा गठ्ठा उचलला आणि लोकांना दाखवला. "पान सत्तावीस. आक्षेपार्ह मजकूर नाही."

यावर वामनरावांचाच फुगा फुटला. ते मटकन बसले आणि हसू लागले, ते मिशी पुसेपर्यंत हसले. शेवटचं कडवं सुभद्राबाईंनी नातसुनेकडे पाहून म्हटलं.

"तेल्हाऱ्याची सून आणली, वाटली गरीब गाय,
भर मांडवात शिंग मारलं, शाबास तुही माय!"

खेळ संपल्यावर मंगल कार्यालयाच्या जेवणघरात भगुणं उघडलं. भरीत, भाकरी, ठेचा. बादलीवाला माणूसही पत्रावळ घेऊन बसला आणि तिथंही काही बोलला नाही. वामनराव पान-सुपारीची चंची चाचपत आले.

"विहीणबाई, श्यामच्या लग्नात..." त्यांनी चंचीतून एक सुपारी काढली.

सुभद्राबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. सुपारीला कात लागला होता.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या."

वामनराव खाली मान घालून जेवले. तीन भाकरी. हात धुतल्यावर त्यांना पुढचं सांगण्यात आलं, "सुपारी खिशातून देत नसते. दारात या. अन् त्या डीजेवाल्याले संगं आणा. विहिणीचा आवाज त्यालेबी आयकू द्या."

परतताना पोरीही छोट्या हत्तीतच बसल्या. बडनेरा आल्यावर खुशी सरकत आजीजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आजी, माझ्यावर भरवसा नव्हता तुले?"

"तुयावर होता," सुभद्राबाई म्हणाल्या. "लोकायवर नोता."

"अन् भेंडीवर?"

"भेंडीचं नाव काढू नको," सुभद्राबाई म्हणाल्या. कोपऱ्यात गोदाबाई झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती.

आठव्या दिवशी वामनराव दारात आले. हळद-कुंकू, अक्षता, नारळ, कोरी करकरीत सुपारी. डीजेवाला बरोबर होता, त्याला ओसरीवर बसवलं. सुभद्राबाईंनी सुपारी लगेच घेतली नाही. आधी मळ्यातली कामं सांगितली, गुडघ्याचं सांगितलं, वैशाखातल्या उन्हाचं सांगितलं, आणि मग घेतली. किल्ली कमरेची काढून पौर्णिमाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बापाले चहा मांड."

साखरेची किल्ली अशी त्या घरात नातसुनेकडे गेली. तुपाची गेली नाही, तो विषय वेगळा.

पौर्णिमानं डबा उघडला. बापाच्या चहात तिनं साखर घातली, भरून भरून, चार चमचे. सुभद्राबाई भिंतीआड उभ्या होत्या. त्यांनी चारही मोजले. पण बोलल्या नाहीत. वैशाखाला अजून दोन महिने होते. कडवं जपून ठेवलेलं बरं.